औषध देणारा हात हीच शेवटची तपासणी: मुलं आणि मानसिक रुग्णांना औषध देताना

घरात कुणाला ताप आला, कुणाची रात्रीची गोळी सुरू झाली, की डॉक्टर चिठ्ठी लिहितात, मेडिकलवाला औषध देतो आणि पुढचं सगळं काम घरातल्या माणसाच्या हातात येतं. बहुतेक घरांत हा हात अम्मीचा असतो, कधी दादीचा, कधी मोठ्या बहिणीचा. मोठ्या माणसाला चुकीची गोळी दिली तर तो निदान विचारतो, "ही रोजची नाही ना? रंग वेगळा दिसतोय." पण दोन प्रकारचे रुग्ण असं विचारू शकत नाहीत किंवा त्यांनी विचारलं तरी कुणी ऐकत नाही. एक म्हणजे लहान मूल आणि दुसरा मानसिक आजाराचा रुग्ण.

आपल्या दीनमध्येही या दोघांचा उल्लेख एका जागी येतो. मूल वयात येईपर्यंत आणि ज्याची समज हरपली आहे तो बरा होईपर्यंत त्यांच्यावर हिशेबाची जबाबदारी नाही, असा हदीसचा आशय आहे. त्यांच्यावर नाही म्हणजे मग कुणावर? त्यांना सांभाळणाऱ्यांवर. ही अमानत आहे. त्यामुळे औषध देताना डोळे उघडे ठेवणं हासुद्धा ती अमानत सांभाळण्याचाच भाग आहे.

औषधांच्या चुका फक्त अशिक्षित घरांत होतात असं नाही. त्या जगभर, मोठमोठ्या रुग्णालयांतही होतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची मोहीम सुरू केली. दरवर्षी 17 सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन पाळला जातो. 2022 मध्ये त्याचा विषय औषधांची सुरक्षितता होता आणि 2025 मध्ये नवजात बाळं व मुलांची सुरक्षित देखभाल.

सिस्टर गोळी देण्याआधी काय बघते?

रुग्णालयात औषध देण्याचं काम नर्सचं. नर्सिंगच्या शिक्षणात पहिल्यापासून पाच गोष्टी पक्क्या करून घेतल्या जातात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. मार्ग म्हणजे औषध तोंडाने द्यायचं, शिरेतून, स्नायूत, की डोळ्यात किंवा कानात टाकायचं. औषध दिल्यावर लगेच नोंद करायची आणि त्याचा परिणाम बघायचा, हेही त्याला जोडलेलं असतं.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण पहिलीच गोष्ट घ्या, योग्य रुग्ण. आपल्या वस्तीजवळच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या बालरोग वॉर्डात जा. शेख मोहम्मद नावाची दोन मुलं आणि फातिमा नावाच्या तीन मुली एकाच वेळी भरती असणं काही नवल नाही. म्हणून नियम असा की फक्त नावावर औषध द्यायचं नाही. नाव आणि सोबत जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक, अशा दोन खुणा जुळायला हव्यात. बेड नंबर ही खूण धरली जात नाही, कारण बेड बदलतात.

सिस्टर दरवेळी पूर्ण नाव विचारते तेव्हा काही नातेवाईक वैतागतात. "सकाळीच तर सांगितलं होतं." कृपया वैतागू नका. बुरखा किंवा नकाब घातलेल्या बहिणीला तर चेहऱ्यावरून ओळखणं शक्यच नसतं. नाव विचारणं हा तिचा अपमान नाही, तिच्या सुरक्षेसाठीच ते विचारलं जातं. मुलाच्या हातावरची नावाची पट्टी टोचते म्हणून काढून टाकू नका. ती सैल किंवा घट्ट झाली असेल तर बदलून मागा.

आम्ही शिक्षक रोज वर्गात एक गोष्ट बघतो. मुलाला "तू अयान ना?" असं विचारलं तर दुसरंच मूल घाबरून "हो" म्हणतं. मोठ्यांपुढे हो म्हणायची सवयच असते. म्हणून प्रश्न नेहमी उघडा विचारायचा, "तुझं नाव काय? अब्बूंचं नाव काय?" गुंगीची औषधं सुरू असलेल्या मानसिक रुग्णालाही हेच लागू आहे. तोही अर्धवट झोपेत कशालाही हो म्हणेल.

दुसरी अडचण नावांच्या सारखेपणाची. क्लोरप्रोमाझिन हे मानसिक आजाराचं औषध, क्लोरप्रोपामाइड हे मधुमेहाचं. घाईत वाचलं तर दोन्ही एकच वाटतात. डॉक्टरांनी औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, अशी तरतूद 2016 मध्ये करण्यात आली आहे. अक्षर लागत नसेल तर दवाखान्यातून निघण्याआधीच विचारा. मेडिकलवाल्याला अंदाज बांधायला लावू नका.

तिसरी अडचण टिंबाची. 0.5 लिहिताना पुढचं शून्य विसरलं आणि टिंब पुसट झालं तर ते 5 वाचलं जातं, म्हणजे थेट दहापट. 1.0 असं लिहिलं तर ते 10 वाचलं जाऊ शकतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत दहापट म्हणजे दहा गोळ्या, त्या बघूनच कुणीतरी थांबेल. बाळाच्या बाबतीत मात्र दहापट डोसही एका छोट्या सिरिंजमध्ये मावतो, डोळ्यांना काही वावगं दिसत नाही. म्हणूनच मुलांच्या वॉर्डात इन्सुलिन, पोटॅशियम अशी जोखमीची औषधं दोन नर्सेसनी वेगवेगळा हिशेब करून तपासण्याची पद्धत आहे. सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन फिरत असते तेव्हा तिला डिस्चार्जचं किंवा चादरीचं विचारून थांबवू नका. हिशेबात खंड पडला की चूक होते.

मुलांची मात्रा वयावर नाही, वजनावर

घरात सर्वात जास्त दिलं जाणारं औषध म्हणजे तापाचं पॅरासिटामॉल. ते योग्य मात्रेत सुरक्षित आहे, जास्त झालं तर यकृत निकामी करू शकतं. मुलांसाठी त्याची मात्रा साधारणपणे दर किलो वजनामागे 10 ते 15 मिलिग्रॅम अशी काढतात. दोन डोसांत किमान 4 ते 6 तासांचं अंतर ठेवतात.

आता जरा वर्गातल्यासारखं गणित करू. बाळाचं वजन 10 किलो. 15 ने गुणलं तर एका वेळी जास्तीत जास्त 150 मिलिग्रॅम. बाजारात एकाच पॅरासिटामॉलच्या वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात.

- ज्या सिरपवर 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम लिहिलं आहे, त्यातून साधारण 6 मिलिलिटर.
- ज्यावर 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम लिहिलं आहे, त्यातून फक्त 3 मिलिलिटर.
- तान्ह्या बाळांच्या ज्या ड्रॉप्सवर 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम लिहिलं आहे, त्यातून दीड मिलिलिटर.

मूल तेच, औषध तेच आणि ताप तोच. पण माप तीन ठिकाणी तीन. आता दादीला कुणीतरी सांगितलं, "एक चमचा दे." तिने ड्रॉप्सच्या बाटलीतून 5 मिलिलिटरचा चमचा भरला तर बाळाच्या पोटात 500 मिलिग्रॅम गेले, म्हणजे हव्या त्या मात्रेच्या तिपटीहून जास्त. यात दादीची नियत वाईट नव्हती. 'एक चमचा' हे मापच चुकीचं होतं.

म्हणून डॉक्टरांकडून नेहमी मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. चिठ्ठीवर मुलाचं त्या दिवशीचं वजनही लिहून घ्या. घरातला चहाचा चमचा वापरू नका, कारण प्रत्येक घरात त्याचा आकार वेगळा असतो. बाटलीसोबत आलेलं मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला लावू नका. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ताप असेल तर घरचं औषध न देता सरळ डॉक्टरांकडे जा.

आणखी काही चुका नेहमी होताना दिसतात. सर्दीच्या सिरपमध्ये बऱ्याचदा पॅरासिटामॉल आधीच असतं, वरून तापाचं वेगळं दिलं की डोस दुप्पट होतो. अँटिबायोटिकची भुकटी असलेल्या बाटलीत उकळून थंड केलेलं पाणी बरोबर खुणेपर्यंत भरायचं असतं. कमी भरलं तर औषध जहाल होतं, जास्त भरलं तर पातळ. असं तयार केलेलं औषध ठराविक दिवसच टिकतं, बहुतेक वेळा साधारण आठवडाभर. उरलेलं पुढच्या आजारपणासाठी ठेवू नका. मोठ्यांची अर्धी गोळी मोडून मुलाला देऊ नका. अ‍ॅस्पिरिन मुलांना घरी कधीही देऊ नये. निमेसुलाइड 12 वर्षांखालील मुलांना देण्यावर आपल्या देशात 2011 पासून बंदी आहे.

रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून, आडवं झोपवून औषध ओतणं धोक्याचं आहे. औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. मुलाला बसतं करा, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं द्या. आणि औषधाला 'मिठाई' म्हणू नका. मूल ते लक्षात ठेवतं आणि एक दिवस कपाट उघडून बाटली रिकामी करतं.

खोकल्याच्या औषधाबद्दल

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात लहान मुलं दगावली. सुरुवातीला साधी सर्दी, खोकला, ताप होता. 'कोल्ड्रिफ' नावाचं सिरप दिल्यानंतर त्यांची लघवी बंद झाली आणि मूत्रपिंडं निकामी झाली. अनेक मुलांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. वीसहून अधिक मुलांचा जीव गेला. तपासणीत त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन 48.6 टक्के निघालं, जिथे 0.1 टक्क्याहून जास्त चालत नाही.

मुंबईकरांना हे रसायन नवीन नाही. 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात याच रसायनाने दूषित झालेलं ग्लिसरॉल दिल्यामुळे 14 रुग्ण दगावले होते. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. म्हणजे औषध देणाऱ्या नर्सने पाचही गोष्टी बरोबर केल्या तरी बाटलीतच खोट असू शकते. ती खोट घरी डोळ्यांनी दिसत नाही. पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत: गरज नसलेलं औषध न देणं आणि दिल्यावर मुलाकडे लक्ष ठेवणं.

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने 3 ऑक्टोबर 2025 रोजी सूचना काढली. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती साधारणपणे देऊच नयेत, असं त्यात म्हटलं आहे. लहान मुलांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. त्यांना आराम आणि पुरेसं पाणी द्या, नाक साफ ठेवा. एक वर्षावरच्या मुलाला थोडं मध चालतं. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध चाटवू नका, त्यातून गंभीर आजार होऊ शकतो. मूल जोरजोरात श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, दूध पीत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल तर सिरप शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

मानसिक आजाराची गोळी: सुरू कधी, बंद कधी

आता दुसऱ्या रुग्णाकडे येऊ. इथे अडचण मापाची कमी आणि आपल्या मनातल्या समजुतींची जास्त आहे.

पहिली समजूत: "आठ दिवस झाले, काही फरक नाही." नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. त्रास मात्र, जसं मळमळ, बेचैनी, झोपेत बदल, पहिल्याच दिवसापासून जाणवू शकतो. म्हणजे सुरुवातीला नुकसान दिसतं आणि फायदा दिसत नाही. याच काळात बरेच लोक गोळी सोडतात.

दुसरी समजूत: "आता बरा आहे, गोळी कशाला?" बहुतेक वेळा तो गोळीमुळेच बरा असतो. स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा आजारांत औषध अचानक तोडलं की आजार उलटतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या बरेच दिवस घेऊन एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते. बंद करायचंच असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

तिसरी गोष्ट समजुतीची नाही, लाजेची आहे. निकाह ठरला की मुलीची गोळी बंद केली जाते, सासरी कळू नये म्हणून. काही महिन्यांत आजार परत येतो आणि मग घर मोडतं. शिवाय व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भातल्या बाळात जन्मजात दोष निर्माण करू शकतं. म्हणजे इथे दोन्हीकडे धोका आहे: लपवून चालू ठेवलं तरी आणि कुणाला न विचारता तोडलं तरी. लग्नाआधी किंवा मूल हवं असेल तेव्हा आधीच डॉक्टरांना भेटलं तर ते औषध बदलून देऊ शकतात. लपवण्यापेक्षा हा रस्ता खूप सोपा आहे.

रुग्ण गोळी घेत नसेल तर काय करायचं? बरीच घरं चहात किंवा सालनमध्ये चुरून देतात. आम्हाला त्यांची मजबुरी कळते. पण ज्याला आधीच वाटतंय की घरचे लोक आपल्याला काहीतरी खाऊ घालतात, त्याला एक दिवस ते सापडलं तर त्याचा संशय खरा ठरतो. मग तो जेवणही सोडतो. तो चहा चुकून घरातलं मूल प्यायलं तर आणखी वेगळंच संकट. काही गोळ्या चुरल्या की त्यांचं पूर्ण औषध एकदम अंगात जातं. नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर, ईआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी हळूहळू विरघळणारी असते, ती चुरू नये. त्याऐवजी डॉक्टरांशी बोला. काही औषधं तोंडात लगेच विरघळणाऱ्या गोळीच्या किंवा थेंबांच्या रूपात मिळतात. काहींचं 2 ते 4 आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शनही मिळतं.

कॅप्सूलमधल्या जिलेटिनमुळे किंवा सिरपमधल्या अल्कोहोलमुळे काही घरांत औषध गुपचूप सोडलं जातं. कॅप्सूल उघडून आतली भुकटी देणंही धोक्याचं ठरू शकतं. मनात शंका असेल तर ती डॉक्टरांना स्पष्ट सांगा, गोळीचा पर्याय आहे का विचारा आणि मसला आलिमांकडून समजून घ्या. मनातल्या मनात औषध तोडू नका.

प्रत्येक मानसिक रुग्णाची समज हरपलेली नसते, हेही लक्षात ठेवू. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा असं मानतो की आपल्या उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता प्रत्येक व्यक्तीत आहे. म्हणून शक्य असेल तितकं त्याला विचारून, सांगून औषध द्या. "गोळी घे, नाहीतर ठाण्याला टाकू" ही धमकी औषधाबद्दलची नफरतच वाढवते.

मान वाकडी होते तेव्हा

हे प्रत्येक घराने वाचायला हवं. हॅलोपेरिडॉलसारखी काही औषधं सुरू केल्यावर काही तासांत किंवा पहिल्या काही दिवसांत कधी कधी असं होतं की मान एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते, जबडा आवळतो. तरुण मुलांमध्ये हे जास्त दिसतं. उलटी थांबवण्याच्या मेटोक्लोप्रामाइडमुळे लहान मुलांतही असंच होऊ शकतं.

बघणाऱ्याला वाटतं की जिन आला, साया झाला. घरचे आमिलकडे धावतात. खरं तर हा औषधाचा एक ओळखीचा दुष्परिणाम आहे. योग्य इंजेक्शन दिलं तर बहुतेक वेळा काही मिनिटांत मान सरळ होते. घशाचे स्नायू आवळले तर मात्र श्वास अडकू शकतो, म्हणून वेळ घालवू नये. सरळ रुग्णालयात जा आणि सुरू असलेल्या गोळ्यांची स्ट्रिप सोबत न्या.

याच औषधांमुळे क्वचित तीव्र ताप, अंग लाकडासारखं कडक होणं आणि भान हरपणं असं एकत्र दिसतं. हा तातडीचा प्रसंग आहे, 108 वर फोन करा.

दुआ आणि दवा यांत भांडण नाही. उपचार करा, अशी ताकीद खुद्द अल्लाहच्या रसूलनी (स.) दिली आहे. मदीनेच्या मशिदीच्या आवारात तंबू लावून हजरत रुफैदा (र.) जखमींची शुश्रूषा करत होत्या. नर्सिंगला आपल्या परंपरेत एवढं जुनं स्थान आहे. गुजरातमधल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून 'दवा आणि दुआ' हा उपक्रम चालला. दर्ग्यावर येणाऱ्या रुग्णाला तिथेच मनोविकारतज्ज्ञही भेटतो. याच्या उलट 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण पळूही शकले नाहीत. आता कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे.

रमजान आणि औषध

कुरआनमध्ये आजारी माणसाला रोजाची सूट आहे, नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. तरीही "आपला मुलगा रोजा ठेवतोय" या आनंदात दुपारची गोळी मागे पडते. नियम सोपा आहे. रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. दिवसातून एकदाच घ्यायची बरीच औषधं इफ्तारनंतर घेता येतात. दोनदाची कधी कधी इफ्तार आणि सहरीला बसवता येतात. तीनदाची बसत नाहीत, तिथे डॉक्टर दुसरा प्रकार सुचवू शकतात. झोप आणणारी गोळी सहरीला घेतली तर दिवसभर गुंगी राहील, अशा माणसाने गाडी चालवू नये.

सर्वात जास्त काळजी लिथियमची. बायपोलर आजारात हे औषध फार उपयोगी आहे, पण फायदा आणि विषबाधा यांच्यात अंतर कमी. रक्तातलं प्रमाण सहसा 0.6 ते 1.0 च्या आसपास ठेवतात, 1.5 च्या पुढे गेलं की विषबाधेचा धोका. शरीरातलं पाणी कमी झालं, म्हणजे कडक उन्हातला रोजा, जुलाब, उलट्या, की हे प्रमाण चढतं. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं तरी चढतं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, बोलणं अडखळणं, चाल डगमगणं दिसलं तर पुढची गोळी न देता ताबडतोब रुग्णालयात जा. लिथियम घेणाऱ्याने रोजाचा निर्णय स्वतःच्या मनाने घेऊ नये. आलिमांना मसला जरूर विचारा, पण आधी डॉक्टरांचं म्हणणं घेऊन जा.

मूलही आणि मानसिक औषधही

अतिचंचलता, ऑटिझम, नैराश्य यांसाठी काही मुलांना औषधं सुरू असतात. इथे आधी सांगितलेल्या दोन्ही जोखमी एकत्र येतात. मिथाइलफेनिडेटने भूक कमी होऊ शकते, म्हणून वजन आणि उंची नियमित मोजावी लागते. ते सकाळी देतात, उशिरा दिलं तर झोप उडते. रिस्पेरिडोनसारख्या औषधाने उलट वजन वाढू शकतं. नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत किशोरवयीन मुलांवर जास्त नजर ठेवा. मूल एकदम बेचैन झालं, मरणाच्या गोष्टी बोलू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

शाळेपासून हे लपवू नका. मुलगा वर्गात पेंगतो तेव्हा तो आळशी आहे की गोळीमुळे गुंगीत आहे, हे आम्हा शिक्षकांना कसं कळणार? वर्गशिक्षकाला एकट्यात सांगा. शाळेत औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांचं लेखी पत्र द्या. दप्तरात सुट्या गोळ्या ठेवू नका. एकाची गोळी दुसरा खातो. शाळेत जंतनाशक दिनाला गोळी देतात तेव्हाही मूल त्या दिवशी आजारी असेल किंवा त्याला दुसरं औषध सुरू असेल तर आधी सांगा.

घरात एवढं करा

1. प्रत्येक रुग्णाची एक वही ठेवा. औषधाचं नाव, मात्रा, वेळ, कशासाठी हे लिहा आणि दिल्यावर खूण करा. सकाळी अम्मीने दिलेलं औषध संध्याकाळी मामूंनी पुन्हा देऊ नये, म्हणून ही खूण.
2. दादीला इंग्रजी येत नसेल तर बाटलीवर उर्दूत किंवा मराठीत चिठ्ठी चिकटवा. घरातली शाळकरी मुलं हे काम आनंदाने करतील.
3. नमाजच्या वेळेला औषध जोडलं तर आठवण राहते, पण अंतर बघा. फजर ते मगरिब हे अंतर मोसमाप्रमाणे बदलतं. 'दर 8 तासांनी' लिहिलं असेल तर घड्याळच पाळा.
4. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. काय करायचं ते डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारा.
5. सगळी औषधं कुलपात. मानसिक रुग्ण किंवा लहान मूल असलेल्या घरात महिन्याभराचा साठा समोर ठेवू नका. रुग्ण निराश असेल तर चावी दुसऱ्याकडे असावी. गोळी समोर घ्यायला सांगा, पाणी प्यायल्यावर दोन शब्द बोला, म्हणजे ती गालात राहिली नाही हे कळतं.
6. हकीमांचं कुश्ता, माजून, बाजारातली भुकटी, जे काही सुरू असेल ते डॉक्टरांना सांगा. काही भुकट्यांमध्ये शिसं किंवा पारा असू शकतो.
7. औषधाचा बिल आणि बाटली औषध संपेपर्यंत जपून ठेवा. त्रास झाला तर बॅच नंबर कामाला येतो. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार सामान्य माणूसही 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर करू शकतो.
8. मानसिक त्रासाबद्दल बोलायचं असेल तर 'टेली मानस'चा मोफत क्रमांक 14416 कधीही लावता येतो.

शेवटी एवढंच. डॉक्टरांना प्रश्न विचारणं ही बेअदबी नाही. "हे कशासाठी? किती मिलिलिटर? किती दिवस? कोणता त्रास झाला तर परत यायचं?" हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. मूल विचारू शकत नाही, आजारी मन नेहमी विचारू शकत नाही. त्यांच्या वतीने आपणच विचारायचं आहे. अल्लाह आपल्या सगळ्या रुग्णांना शिफा देवो आणि त्यांची सेवा करणाऱ्या हातांना बरकत देवो. आमीन.